मुकाट चढलेला जिना

अण्णांनी जन्मभर बस चालवली आणि बसपेक्षा जास्त तोंड चालवलं. त्यामुळे पोटाच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा अर्ध्या गल्लीला तारीख तोंडपाठ झाली. पोटाला आवळलेल्या पट्ट्याला ते विटले होते. एकदाचा तो सुटला की शाळेची बस पुन्हा हाती घ्यायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आडवी आली ती पोटची पोर. त्याच इस्पितळात ती भूलतज्ज्ञ होती. माणूस ऑपरेशन कितपत सोसेल, नंतर छातीत कफ भरेल का, हृदय दगा देईल का, हे आधीच जोखणं तिचं काम. घरात तिला सगळे मास्तरीण म्हणत.

"घरच्या माणसाची कसली तपासणी? सही ठोक नि मोकळी हो," अण्णा म्हणाले.

"चला, जिना चढू."

तिची पद्धतच ती. रक्ताचे, छातीचे रिपोर्ट बघून झाले की पेशंटबरोबर गप्पा मारत जिना चढायचा, आणि त्याचं वाक्य कुठे तुटतं तिकडे कान ठेवायचा. हे तिनेच कधीतरी जेवताना सांगितलं होतं. अण्णांनी त्यावर तोड काढली. वाक्यच बोललं नाही तर तुटणार काय, कपाळ?

"सकाळी काय खाल्लंत?"

"पाव."

"झोप?"

"झाली."

"आणि आई काय म्हणते?"

"बरी आहे."

मास्तरीण जागीच थांबली. "अण्णा, आईची तक्रार करायची संधी दिली, आणि तुम्ही नुसतं 'बरी आहे' म्हणालात? म्हणजे दम लपवताय. सिगारेट सुटलेली नाही ना?"

"सुटली की!" असं ठणकावायला त्यांनी तोंड उघडलं, आणि इतका वेळ दाबून धरलेला खोकला उसळून बाहेर आला. कठडा धरून ते वाकले. पट्ट्याच्या कडेने पोट फुगून वर आलं. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो खोकला शमेपर्यंत काढला नाही. मग म्हणाली, "ऑपरेशन पुढे ढकलतेय."

"अगं, सगळ्यांना सांगून बसलोय मी!"

"मग आता हेही सांगा."

तेवढ्यात वरून सर्जन उतरले. हे आले की भलेभले भिंतीला चिकटून वाट देत. "चढले की जिना! करून टाकू, डॉक्टर."

"सर, तुमचे टाके उत्तमच असतात. पण हे असे खोकले तर ते उसवतील, आणि दुखतंय म्हणून खोकले नाहीत तर कफ साठून न्यूमोनिया होईल. दीड-दोन महिने सिगारेट बंद, श्वासाचे व्यायाम, हृदयाची तपासणी. मग मीच आणून देते त्यांना."

"मी दुसऱ्या कुणाला विचारू शकतो."

"जरूर विचारा. माझं मत बदलणार नाही."

तिचा आवाज चढला नाही, पाऊलही मागे गेलं नाही. अण्णा बघतच राहिले. ब्रेक सैल असलेली गाडी डेपोबाहेर काढणार नाही म्हणून तेही मॅनेजरसमोर असेच उभे राहत. फक्त त्यांना त्यासाठी आकाशपाताळ एक करावं लागे.

सर्जन त्यांच्याकडे वळले. "बोला बाबा, तुमचं काय? दुसऱ्याला बोलावलं तर ठरल्या दिवशी होऊन जाईल."

पट्टा कमरेत रुतत होता. शाळेची बस डोळ्यांसमोरून गेली आणि थांब्यावर न थांबताच गेली.

"नको," अण्णा म्हणाले. "ती म्हणते ना, थांबतो."

सर्जन मान हलवत निघून गेले. मास्तरणीने बापाचा दंड धरला आणि सावकाश त्यांना खाली आणलं. चष्मा पुसायच्या निमित्ताने तिने डोळेही पुसून घेतले.

खाली बाकावर एक गृहस्थ तपासणीसाठी ताटकळत बसले होते. "काय हो, झालात का पास?"

"छे! सपशेल नापास." अण्णा त्यांच्या शेजारी ऐसपैस टेकले. "पोटच्या पोरीनं केलं! एवढा मोठा सर्जन समोर उभा, पण बधली नाही. तुमचाही नंबर तिच्याचकडे? मग नशीबवान आहात. फक्त लबाडी करू नका हो, तोंडघशी पडाल. तर झालं काय..."

मध्येच त्यांना दम लागला. ते खुशाल थांबले, पुरता श्वास घेतला, आणि लेकीची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले.