मधलं भिंग

"उलटं बसवून देता का?" असं विचारणारा तो त्या आठवड्यातला चौथा. पहिल्या तिघांना भडक्याने दारातूनच परत पाठवलं होतं. चौथ्याला त्याने स्टूल पुढे केलं, तेव्हा मी पलीकडे माझा लेथ बंद केला. भडका कुणाला बसायला सांगतो तेव्हा त्याला बराच वेळ बोलायचं असतं.

"काय उलटं?" भडका.

"भिंग, काका. हा आमच्या आजोबांचा घडीचा कॅमेरा. यातली लेन्स काढून माझ्या नव्या मिररलेसला लावायची. फक्त मधलं भिंग उलटं हवं. फोटोत ते सगळं गरगरतं ना, तसं."

"आजोबा गरगरायचे का तुमचे?"

"नाही."

"मग असं करा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. म्हणावं, डावा डोळा काढून उलटा बसवा. त्यांनी बसवला की माझ्याकडे या, उजवा मी बसवतो."

चौथा गेला. आजोबांचा कॅमेरा छातीशी धरून गेला, याचंच मला बरं वाटलं.

भडका हे त्याचं खरं नाव नाही, पण खऱ्या नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती उरली आहे, ती म्हणजे वहिनी, आणि त्याही रागावल्यावरच मारतात. तो कॅमेरे दुरुस्त करतो, मी लेथवर धातू कातून देतो. दोन दुकानांमध्ये एक लाकडी पार्टिशन. चाळीस वर्षं मी त्या पार्टिशनला पाठ लावून काम करतो आहे आणि थंडीत मला स्वेटर लागलेला नाही. एकदा तो एका अडकलेल्या शटरवर असा ओरडला की शेजारच्या कपाटातली आणखी तीन शटरं आपणहून उघडली. माझ्या बाजूचा रंगही दोनदा उडाला. दुसऱ्यांदा ओल होती, हे मान्य. पहिल्यांदा नव्हती.

घडीचा कॅमेरा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंद असताना तो जाडजूड पाकिटासारखा दिसतो. खटका दाबला की पुढचं दार उघडतं, आतून चामड्याचा भाता बाहेर सरकतो आणि भात्याच्या टोकाला भिंगं असतात. एकामागे एक अशी तीन. भाते कुजले, फिल्म मिळेनाशी झाली, पण भिंगं तशीच राहिली. तेव्हा हौशी लोकांनी ती उपटून, आतला आरसा काढून टाकलेल्या नव्या चपट्या कॅमेऱ्यांना लावायला सुरुवात केली. त्या भिंगाला फिल्मपासून एकशेपाच मिलिमीटर दूर उभं राहायची सवय. नव्या कॅमेऱ्याच्या पोटात त्यातले अठरा मिळतात. उरलेल्या सत्त्याऐंशीची नळी मी कातून देतो आणि आतून काळीकुट्ट रंगवतो, नाहीतर उजेड आत शिरून टप्पे खात बसतो.

भडक्याला हे सगळं मुंडकं छाटून दुसऱ्याच्या धडावर बसवल्यासारखं वाटे. पण काम घेतलं की तो ते चोख करी. पलीकडच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे. तिच्यावर रंगवलेली अक्षरं भिंगामागे धरलेल्या दुधी काचेवर मधोमध आणि चारही कोपऱ्यांत वाचता आल्याशिवाय भिंग त्याच्या हातून सुटत नसे.

आता जे मी आठ महिने कुणालाही सांगितलं नव्हतं ते सांगतो.

एक नावाजलेले फोटोग्राफर आहेत. भर उन्हाळ्यातही गळ्याशी मफलर, म्हणून आम्ही त्यांना मफलरच म्हणतो. त्यांचं एक जुनं भिंग भडक्याने साफ केलं, सकाळी टाकीवरची अक्षरं वाचली, माझ्याकडे नळीसाठी दिलं आणि वहिनींचा गुडघा दाखवायला तो दवाखान्यात गेला. नळी छान झाली, पण आटे जरा घट्ट बसत होते. मी जोर दिला. पुढचं भिंग कड्यासकट माझ्या हातात आलं आणि मधलं टेबलावरच्या फडक्यावर पडलं. फुटलं नाही. रुपयाएवढी काच, दोन्ही बाजूंनी खोलगट. एका बाजूने किंचित जास्त खोलगट असते हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी ती फुंकर मारून आत टाकली, जशी पडली तशी, आणि कडं आवळलं. दहा मिनिटांनी मफलर आले आणि घेऊन गेले.

पुढच्या महिन्यात त्यांच्या फोटोला मोठं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात अर्धं पान फोटो. मधोमध एका म्हातारीचा चेहरा, सुरकुती न् सुरकुती दिसेल असा, आणि तिच्याभोवती सगळं घर बादलीतल्या पाण्यासारखं गरगरणारं. खाली मफलरांचे शब्द होते, 'जुन्या भिंगाला आत्मा असतो.'

भडक्याने ते पान भिंगातून पाहिलं. मग पार्टिशनवर एक थाप पडली आणि माझा चहा सांडला.

"हे भिंग असं बघत नाही," तो म्हणाला. "मधलं उलटं बसलंय."

मी म्हणालो, "अरे बाप रे." तेवढंच म्हणालो.

तो त्याच दिवशी मफलरांकडे गेला, मीही मागोमाग गेलो. त्याने पाच मिनिटं मागितली. मफलरांनी कॅमेरा पाठीमागे धरला, लहान मूल खाऊ धरतं तसा.

"काका, हात लावू देणार नाही. ही माझी शैली आहे."

"ही शैली नाही साहेब, हे दुखणं आहे. तिरळ्या डोळ्याचं कौतुक करताय तुम्ही."

"कुठलं भिंग उलटं आहे म्हणालात?"

"मधलं."

झालं. मफलरांनी ते गावभर आणि इंटरनेटभर सांगितलं. तेव्हापासून रांग लागली. आणि भडका रोज, अगदी रोज, गिऱ्हाइकांवर ओरडू लागला. "ज्याला कळत नाही त्याने हात कशाला लावावा," तो ओरडे. "हात लावला तर तोंडाने सांगावं." गिऱ्हाईक बिचारं घाबरून निघून जाई. मी ते किस्से चहाच्या टपरीवर मीठमसाला लावून सांगत असे. लोक हसून हसून बाकावरून पडत. एक जण तर खरंच पडला, पण त्या बाकाचा पाय आधीच मोडका होता.

चौथं गिऱ्हाईक गेलं त्याच दुपारी मफलर आमंत्रण घेऊन आले. त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं आणि त्यात काकांचा सत्कार. भडक्याने पत्रिका दोनदा वाचली आणि म्हणाला, "येतो." इतक्या शांतपणे म्हणाला की पार्टिशन गार तर पडलं नाही ना, ते मी हात लावून पाहिलं.

हॉल भरलेला होता. मी तिसऱ्या रांगेत बसलो. मफलर आत्मा, स्मृती, काळ वगैरेंवर वीस मिनिटं बोलले, मग त्यांनी भडक्याच्या हातात चौकटीतलं मानपत्र दिलं आणि पुढे माईक केला. भडक्याने माईक धरला तो बिघडलेला कॅमेरा धरावा तसा.

"यातलं मधलं भिंग उलटं बसलंय," तो म्हणाला. "हे भिंग कोपऱ्यापर्यंत सरळ बघतं. ते आंधळं झालंय आणि तुम्ही त्याला बक्षीस दिलंय."

लोक हसले. कुणीतरी टाळी वाजवली.

"हसू नका. ही चूक आहे. माझ्या दुकानातून गेली, म्हणून माझी आहे."

टाळ्या वाढल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "किती नम्र आहेत."

"टाळ्या कसल्या वाजवताय? मी आठ महिने झोपलो नाही."

मग तर लोक उभेच राहिले. माणूस इतक्या मनापासून संतापलाय आणि समोर दोनशे जण त्याला दाद देताहेत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याचे कान वांग्यासारखे झाले होते. मी उठून दोन वाक्यं बोललो असतो तर संपलं असतं. दोन्ही वाक्यं तयार होती. बूड मात्र खुर्चीला खिळलं होतं.

मानपत्र खुर्चीवर ठेवून भडका खाली उतरला, तेव्हा एक म्हातारी काठी टेकत त्याच्यासमोर आली. फोटोतली तीच. ती मफलरांची सख्खी मावशी होती.

"कॅमेरा दुरुस्त करणारे तुम्हीच ना? इकडे या जरा."

ती त्याला भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे घेऊन गेली. मी मागे उभा राहिलो.

"हे माझं तोंड," ती म्हणाली. "ते मी रोज आरशात बघते. हे इथे काय आहे ते सांगा." तिने काठी उजव्या कडेला लावली. तिथे एक करडा भोवरा होता, दुसरं काही नाही.

"काय होतं तिथे?"

"हे बसले होते. पेपर वाचत. फोटो काढतोय म्हटल्यावर पेपर खाली केला होता. एवढं कुणाचं ऐकणारे नव्हते हो, पण त्या दिवशी केला. मार्चमध्ये गेले." तिने काठी खाली घेतली. "त्यांना फोटो काढून घ्यायचा भारी कंटाळा. दुसरा नाहीच. भाचा म्हणतो असंच सुंदर दिसतं. दिसत असेल. मला एवढंच सांगा, यांना नीट करता येईल का?"

मला वाटलं, आता हॉलचं छत जाणार. भडक्याने खिशातून आपलं तपासायचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि त्या करड्या भोवऱ्यावर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. एक बाही असावी, किंवा पेपरची कडा. मला काही दिसलं नाही.

"नाही, ताई," तो म्हणाला. "उजेड एकदाच आत गेला. तो गेला तसा गेला. भिंग सरळ करता येईल, हे नाही."

"मग भिंग तरी करा." तिने भाच्याकडे हात पसरला. "दे रे ते यांना."

लहानपणी ती त्याच्या हातातून काडेपेटी ज्या आवाजात काढून घेत असेल, तोच आवाज. मफलरांनी लोकांकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि नळीसकट भिंग काढून दिलं.

परतताना भडका पुढे, मी मागे. दोन चौक गेले.

"अरे, ते भिंग," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सकाळी टाकीवरची अक्षरं मी कोपऱ्यापर्यंत वाचली होती. त्यानंतर त्याला एकच हात लागला."

माझ्या हातात छत्री होती. ती या हातातून त्या हातात घेतली.

"मग आठ महिने बोलला का नाहीस?"

"तू बोलतोस का बघत होतो."

मला ती सगळी गिऱ्हाइकं आठवली, दारातून हाकलून दिलेली. तो ओरडत असे तेव्हा तोंड पार्टिशनकडे असे. मी समजत होतो की दुकान अरुंद आहे म्हणून.

"आणि स्टेजवर तुझी चूक म्हणालास ते?"

"पाटी माझ्या दुकानाची आहे. आणि तिसऱ्या रांगेत बसलेला तू मला दिसत होतास." तो पहिल्यांदाच थांबला. "काच पडते, रे. माझ्या हातून काय कमी पडल्यात? तू त्यावर टपरीवर लोकांना हसवत होतास."

मी थापा मारतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वेळी मी फक्त छत्री उघडली, पाऊस नसताना.

सकाळी त्याने भिंग माझ्या टेबलावर आणून ठेवलं, स्वतःच्या नाही. फडकं पसरलं. "खोल," म्हणाला. मी कडं सोडवलं. मधली काच हातात आली तेव्हा त्याने तिच्या कडेवर नख ठेवलं. तिथे पेन्सिलची केसाएवढी रेघ होती.

"ही रेघ नेहमी पुढच्या बाजूला. प्रत्येक भिंगावर मारतो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"चाळीस वर्षं शेजारी आहेस. कधी विचारलंस?"

मी काच सरळ बसवली. त्याने मदत केली नाही. मग टाकीवरची अक्षरं त्याने आधी मला वाचायला लावली, कोपऱ्यातलीसुद्धा, मोठ्याने.

दुपारी आम्ही मावशींच्या घरी गेलो. मफलर कॅमेरा घेऊन आधीच आले होते, मफलराशिवाय, आणि ओळखू येत नव्हते. मावशी पहिल्या फोटोत उभी होती त्याच दारापाशी उभी राहिली. मफलरांनी एकच फोटो काढला आणि मागचा पडदा तिच्यापुढे धरला.

तिने स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. भाच्याने शिकवलं तसं बोटाने चित्र सरकवत ती उजव्या कडेला गेली. तिथे भिंत होती. पोपडा न् पोपडा दिसेल इतकी स्वच्छ, आणि बसलेल्या माणसाचं डोकं येईल त्या उंचीवर तळहाताएवढा मळकट डाग, वर्षानुवर्षं डोकं टेकून पडलेला.

"हा मी घासून काढणार होते," ती म्हणाली.

तिने दोन बोटं पडद्यावर ठेवली आणि डाग मोठा केला. मग आणखी मोठा, पडद्यावर दुसरं काहीच उरलं नाही इतका.