फियाटची नळी

पास्कलने पेट्रोलची नळी तोंडाला लावली, गाल फुगवले आणि हवेचा कणही आत न जाऊ देता जीव खाऊन फुंकल्याचं सोंग केलं. गेले काही रविवार तो हेच करत होता. आता त्यात इतकी सफाई आली होती की शेवटी खोकलाही यायचा.

“काय म्हणते?” ड्रायव्हरच्या सीटवरून थोरल्या भावाने, जेम्सने विचारलं.

“तुंबलीय, दादा. टाकीतला गंज.”

“गंजच असणार.” जेम्सने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

“सदऱ्याने नका पुसू!” ओटीवरून मेरीवहिनी ओरडली. “चष्म्याबरोबर पिवळं फडकं दिलं होतं, ते कुठं घालवलंत?”

जेम्सने ऐकलं नाही. कान मात्र त्याचे उत्तम होते.

नळीच्या इंजिनाकडच्या तोंडात जुन्या बनियनची चिंधी होती, आणि ती पास्कलनेच कोंबली होती. वटार गावातल्या त्यांच्या आळीतल्या साऱ्या नवऱ्या ह्याच फियाटमधून चर्चला गेल्या. हाकायचा मान जेम्सचा. मग गाडी वाडीत केळींच्या कडेला पडली आणि तिच्यात कोंबड्या नांदू लागल्या. नात एलिसाचं लग्न ठरलं तसं जेम्सने ती पुन्हा उभी करायचं घेतलं. एसटीच्या डेपोत जन्म काढलेल्या पास्कलने कोंबड्यांना हाकललं आणि इंजिन नव्याने बांधलं.

काम संपत आलं, आणि एका रविवारी जेम्सने चर्चच्या आवारात संत अंतोनींच्या पुतळ्याला “काय एरॉल, बरा ना?” असं विचारलं. शेजारचा एरॉल आपल्याशी बोलला नाही म्हणून दिवसभर रुसला. डोळ्यांच्या डॉक्टरने गाडी चालवायची नाही म्हणून बजावलंच होतं. पण नातीच्या वरातीची गाडी तू हाकू नको, हे जेम्सला सांगायचं कोणी? पास्कलला स्टिअरिंग धरायला शिकवलं ते ह्याच गाडीत, ह्याच भावाने. त्याला सांगण्यापेक्षा गाडीचा गळा आवळणं पास्कलला सोपं वाटलं.

सोपं होतंही, फक्त जेवण जाईना. राबतो म्हणून वहिनी त्याच्या ताटात इंदयाळच्या झणझणीत रश्श्यातला मटणाचा मोठा तुकडा वाढायची आणि तो तसाच ताटात राहायचा. अखेर शनिवारी तो पापनिवेदनाला गेला.

“थोरल्या भावाला फसवतोय, फादर.”

“जमिनीत?”

“पेट्रोलच्या नळीत.”

सगळं ऐकून घेऊन जाळीपलीकडून फादर म्हणाले, “चिंधी काढ. आणि काय ते तोंडाने सांग.”

लग्नाच्या आधीचा रविवार. मिस्सा आटोपून जेम्स कपडे बदलत होता, तेवढ्यात पास्कलने चिंधी उपसून खिशात घातली, नळी बसवली. आता गाडी सुरू होणार, आणि मग सांगायचं.

“मार स्टार्टर, दादा.”

स्टार्टर कण्हला. गाडी ढिम्म.

पास्कल चक्रावला. नळी काढून ह्या खेपेला तो खरोखर फुंकला. हवा जाईना. मग टाकीकडचं टोकही सोडवलं आणि सायकलचा पंप लावून दाबला. फट्‌कन एक सुरळी निघून त्याच्या पायाशी पडली. त्याने ती उलगडली. मऊ, पिवळं, कोपऱ्यात छापलेलं चष्म्याचं चित्र.

उघड्या बॉनेटच्या कडेने त्याने पाहिलं. जेम्स स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. समोर फणस होता, आणि तोही त्याला दिसत असण्याची शक्यता कमीच होती.

“काय निघालं?” जेम्सने सावकाश विचारलं.

“गंज,” पास्कल म्हणाला.

“जुनी गाडी. एलिसाला वाईट वाटेल. पण गाडीच नाही म्हणाली, तर माणूस काय करणार?”

“काहीच नाही, दादा.”

पास्कलने फडक्याची नीट सुरळी केली आणि होती तिथे परत बसवली.

“झाली का नळी साफ?” वहिनीने जेवायला हाक मारत विचारलं.

“नाही,” दोघे एकदम म्हणाले.

ताटावर बसल्यावर जेम्सने चष्मा काढून सदऱ्याचं टोक शोधलं. पास्कलने खिशात हात घातला आणि बनियनची चिंधी त्याच्यापुढे ठेवली.

“ह्याने पूस.”

जेम्सने ती उचलली, पेट्रोलचा वास आला तशी नाकाशी नेली. चांगला वेळ हुंगली. मग दोन्ही काचा निगुतीने पुसल्या.

“चांगली आहे,” तो म्हणाला, आणि चिंधी स्वतःच्या खिशात घातली.