सोबतीचा नियम

नगरपालिकेच्या सभागृहात त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. एरवी पाण्याच्या प्रश्नावर सभा लावली तर कुत्रं फिरकत नाही. पण दुसऱ्याच्या घरातलं मरण आणि त्यावर बोलायची संधी, दोन्ही एकदम मिळाली की माणसं ताट अर्धं टाकून येतात. विषय फळ्यावर खडूनं लिहिला होता: नेमबाजी केंद्र नगरपालिकेनं चालवावं की बंद करावं?

पेंटर आणि त्याची बायको पहिल्या रांगेत बसले होते. बसले कसले, बसवले होते. मुलगा त्यांचाच गेला होता. त्याच केंद्रात, भाड्यानं घेतलेल्या पिस्तुलानं, स्वतःच्या हातानं. बाप बाजूला उभा असताना.

वर्षभर तो मुलगा घरात असून नसल्यासारखा होता. आधी नोकरी गेली, मग मित्र गेले, मग भूक. दार लावून पडून राहायचा. बाप दाराबाहेरून विचारायचा, "जेवलास का रे?" आतून यायचं, "हं." एवढाच काय तो बापलेकांचा संवाद. आणि एका सकाळी पोरगा आंघोळ करून, केस विंचरून बाहेर आला नि म्हणाला, "बाबा, आज माझ्याबरोबर येता?"

पेंटरला आभाळ ठेंगणं झालं. एका घराचा दिवाणखाना अर्धा रंगवून झाला होता, तो तसाच सोडला. टर्पेंटाइननं घासघासून नखांतला रंग काढला, इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला, "लेकाबरोबर चाललोय." केंद्राच्या खिडकीत हत्यारं देणारा रेंजमास्तर म्हणाला, "वा, वडील आले का!" तेव्हा तर त्याची छाती वीतभर फुगली. आत मुलानं स्वतःच्या हातानं बापाच्या कानांवर ते जाड हेडफोन बसवले, नीट दाबले.

त्यानंतरचे महिने नवराबायको त्या एका गोष्टीवर जगत होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला बायको सांगायची, "एकटा नाही गेला हो माझा. बापाला बरोबर घेऊन गेला." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. यांच्याकडे काडी ती एकच होती.

पेंटर एकच वाक्य घोकून आला होता: ते केंद्र बंद करा.

पहिला उठला किराणावाला. "नगरपालिकेचं काम नळ, गटारं, दिवे. तेच धड जमत नाही आणि बंदुका कसल्या भाड्यानं देताय?"

"नळाला नसेना का, बंदुकीला तरी प्रेशर आहे!" मागून कोणीतरी ओरडला. सभा हसली. मग पहिल्या रांगेची आठवण झाली आणि हसू गिळलं गेलं.

शाळेच्या क्रीडाशिक्षिका उठल्या. "माझ्या मुली तिथे शिकतात. बंद केलंत तर उद्या एखादा खाजगी माणूस उघडेल. तो पैसे सोडून काही बघणार आहे का? आणि केंद्र नव्हतं तेव्हा लोक खाणीत जाऊन बाटल्या फोडायचे, विसरलात? कपडे धुणाऱ्या बाईच्या मांडीत गोळी घुसली, म्हणून तर हे काढलं आपण."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पेंटरला तेच झोंबलं.

नगराध्यक्षबाईंनी रेंजमास्तरला उभं केलं. निवृत्त फौजी, ताठ माणूस. म्हणाला, "बाई, आमचा नियम कडक आहे. पहिल्यांदा येणारा एकटा असेल तर हत्यार मिळत नाही. मनात वेडंवाकडं असलेला माणूस बहुतेक एकटाच येतो. या मुलालाही मी परत पाठवला होता."

"कधी?" बाईंनी विचारलं.

"आदल्याच दिवशी. म्हटलं, कोणाला तरी सोबत आण, मग देतो. दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन आला. आम्ही नियम पाळला."

ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, तसं ते वाक्य पेंटरच्या डोक्यात आधी धरेना. मग धरलं. पोरानं बापाला नेलंच नव्हतं. खिडकीवर दाखवायला एक माणूस नेला होता.

बायकोचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. तो तिथेच राहिला, पण लाकडासारखा झाला. रेंजमास्तरनं दोघांची तोंडं पाहिली, आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं, आणि तो मटकन खाली बसला.

नेमका तेव्हाच एक वकील नगरसेवक उठला. भला माणूस. भल्या माणसांनी जगाचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं चोरांनी केलं नसेल. "बंद नको," तो म्हणाला, "नियम आणखी कडक करू. कोणीही ऐरागैरा सोबती चालणार नाही. रक्ताचं नातं पाहिजे. परक्याला काय कळणार? घरच्या माणसाला चेहऱ्यावरून कळतं."

माना डोलल्या. टाळ्यासुद्धा पडल्या.

"पेंटरदादा, तुम्हाला बोलायचं होतं ना?" नगराध्यक्षबाई म्हणाल्या.

पेंटर उठला. घोकलेलं वाक्य कुठे गेलं होतं कोण जाणे.

"चालवा नाहीतर बंद करा," तो म्हणाला. "पण कोणाच्या बापाला तिथे उभं करू नका. मला चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मला तो खुशीत दिसला. मीही खुशीत होतो." त्यानं नगराध्यक्षबाईंच्या टेबलाकडे बोट केलं. "केंद्र तुमचं, बंदूक तुमची, पगारी माणसं तुमची. मग राखणही तुम्हीच करा. आईबापाला पहाऱ्याला लावून हात झटकू नका."

कारकुनानं "भावना समजल्या" असं टिपून घेतलं, हात वर झाले आणि रक्ताच्या नात्याची सुधारणा मंजूर झाली. शिक्षिकाबाईंचा हात खाली होता. तसे आणखीही होते, पण पुरेसे नव्हते.

नवराबायको पायऱ्या उतरून रस्त्याला लागले. बंद दुकानांच्या कडेनं चालता चालता ती म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही विचारलं का नाही, कुठे जायचंय म्हणून?"

ती भांडत नव्हती. नुसती विचारत होती, आणि तेच वाईट होतं.

पेंटर म्हणाला, "भ्यायलो गं. म्हटलं, विचारलं तर म्हणेल, राहू द्या."