लेलंडची तार

लेलंड ऑस्टरमन शूटिंगच्या स्टेज नऊच्या छताजवळून पडून मेला आणि चित्रपट ठरल्या तारखेला लागला. आता हे घडलंच नाही असं समजा. ही चित्रपटाची सातवी आवृत्ती, आणि ती अजून मंजूर व्हायची आहे. आमच्या स्टुडिओत मंजूर आवृत्तीत दिसतं तेवढंच घडलेलं असतं.

माझं काम तारा पुसण्याचं. महानायक तारेला लटकतो, मी संगणकावर तार पुसतो, मग तो उडतो. लेलंड आमचा दिग्दर्शक. त्याचा मागचा चित्रपट स्टुडिओने त्याच्याकडून काढून घेऊन दुसऱ्याकडून पुरा करवला होता. तेव्हापासून तो कुणावर काही सोपवत नसे. नटाला नीट उडता येईना, तर पट्टा बांधून हाच वर गेला. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. जेवण लांबलं की युनियन दंड लावते, म्हणून त्याला वरच ठेवून सगळे टाको खायला गेले. कॅमेरा चालूच होता. ते चित्रण लगोलग माझ्याकडे आलं आणि हाताच्या सवयीने मी तार पुसली.

मंडळी ढेकर देत परतली तर लेलंड हवेत, आणि तार कुठेच नाही. पाय धरून ओढला, तर वर काहीतरी करकरलं, न दिसणाऱ्या तारेचा एक पीळ तुटल्याचा आवाज आला. मग कुणी हात लावला नाही.

"कुठल्या गाढवाने पुसली?" त्याने वरून विचारलं.

चौकशी चालू आहे, असं मी सांगितलं.

मार्शा डनलॅप, आमची निर्माती, शांत बाई. तिने लेलंडच्या चित्रणाचा तो तुकडा प्रेक्षकांना दाखवून पाहिला. महानायकापेक्षा मागे तरंगणारा माणूस त्यांना फार आवडला. मग तिने आवृत्त्या करायला घेतल्या. लेलंड सुखरूप उतरतो, त्यात लोक जांभया देत उठले. तो पडतो, त्यात उभं राहून टाळ्या. मी म्हटलं, निदान खाली गाद्या तरी घालू. गाद्या चित्रात येतील, असं तिचं म्हणणं.

रोज एक पीळ तुटतो. खाली शूटिंग चालू असतं. आवाज झाला की ध्वनिमुद्रक नाक मुरडून पुन्हा घ्यायला सांगतो.

काल लेलंडने मला खालून जाताना हाक मारली. शिवी नव्हती, त्यानेच मी घाबरलो.

"तूच ना रे तो, पोरा? असू दे. चित्रात तार परत काढून दे. जाड काढ."

मी मार्शाकडे गेलो. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"राजा, तार दिसली तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील."

सातवी आवृत्ती, लेलंड पडतो ती, शुक्रवारी मंजुरीला जाते. म्हणून हा अर्ज:

मा. स्टुडिओ प्रशासन यांस, सदर आवृत्तीबाबत अंतिम निर्णय होईपर्यंत स्टेज नऊवरील गुरुत्वाकर्षण तात्पुरते स्थगित ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.