तिसरा रिमोट किती थरथरतो?

कलावतीबाईंना खोटं बोलता येत नसे असं काही नाही; चांगलं येत असे. मालगाडीच्या गार्डशी संसार करायचा तर तेवढं यावंच लागतं. अकोल्याहून बदली होऊन जयपूरला आल्यापासून बावीस वर्षं त्या माहेरी फोनवर "इथं सारं छान हाये" असंच सांगत आल्या होत्या, आणि त्यातली पंधरा वर्षं तरी बनी पार्कातल्या त्यांच्या दोन खोल्यांत नळाचं पाणी वर चढत नव्हतं. पण गेले दोन महिने त्या जे लपवत होत्या ते जरा अवघड प्रकरण होतं. त्यांच्या हातांची बोटं बधीर झाली होती.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. भाकरी उलटताना तव्याचा चटका बसला, तो त्यांना फोड आल्यावर कळला. हुक लावताना तो बोटांत आहे की सुटलाय हे डोळ्यांनी बघावं लागायचं. एकदा जेवताना त्यांनी थोरल्या पवनला सांगितलं, "बधीर होऊन राह्यलं रे मले." आता पवन शिकला हिंदी शाळेत. त्याच्या पुस्तकात बधिर म्हणजे बहिरा, विषय संपला. पोरगा मात्र गुणाचा. त्याने दुसऱ्याच दिवशी बँकेतून अर्धी रजा काढली आणि आईला थेट कानाच्या डॉक्टरकडे नेलं. दारावरची पाटी इंग्रजीत. आत काचेच्या खोलीत बसवून डोक्यावर यंत्र चढवलं, टूं वाजलं की बटण दाबा म्हणाले. कलावतीबाईंना वाटलं, डोक्यातल्या नसा मोजत असतील. हातांच्या नसा तरी शेवटी जातात कुठे? डॉक्टर म्हणाले, "माताजी, सब एकदम बढ़िया." एवढा मोठा डॉक्टर बढ़िया म्हणतोय म्हटल्यावर त्या गप्प बसल्या. वयाचं असेल, थंडीचं असेल.

त्यातच गौतमीचं मुंबईचं निघालं आणि मग तर त्यांनी तोंडाला कुलूपच लावलं. गौतमी धाकटी. जयपूरच्याच झालाना भागातल्या एका ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या वेबसाइटी भरायची आणि उरलेल्या वेळात व्हिडिओ गेमांवर लिहायची. मुंबईच्या एका मासिकाने तिला कळवलं होतं, गेम खेळायच्या तीन मशीनच्या तीन रिमोटांची तुलना लिहून पाठव. जमली तर फेब्रुवारीपासून नोकरी. पोरीला बोटांचं कळलं तर ती मुंबईचं नाव काढणार नाही, इथेच पोळ्या लाटत बसेल, हे कलावतीबाई पक्कं ओळखून होत्या. आईला साधी सर्दी झाली तरी शाळा बुडवणारी पोर ती.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी गौतमी वैशाली नगरहून रिक्षा करून आली. तिथल्या गेम पार्लरवाल्या नीरजने तिला तिन्ही मशीन दिवसभरासाठी दिली होती. नवरा, पंडितराव, मालगाडीवर गेलेले होते, म्हणून त्यांच्या पलंगावर वायरींचा पसारा मांडायला कुणाची हरकत नव्हती.

"आई, मासिकवाले म्हणतात, ज्याने कधीच खेळलं नाही त्याचं पण मत पाहिजे," गौतमी म्हणाली. "मतलब तू."

"मले काय कळते त्यातलं? माही भाजी लागन तिकडं."

"भाजी भैया बघेल."

पवनने बसल्या जागेवरून भाजीच्या दिशेने बघितलं. तेवढंच त्याने केलं.

गौतमीने पहिला रिमोट आईच्या हातात दिला. काळा, जुना, दोन शिंगांचा. टीव्हीवर लाल गाडी धावत होती. ती भिंतीवर आपटली की रिमोट थरथरतो, तो किती आणि कसा ते सांगायचं, एवढंच काम. कलावतीबाईंनी रिमोट दोन्ही हातांनी घट्ट धरला. गाडी आपटली. हातांना काही म्हणता काही कळलं नाही. पण कानांना कळलं! रिमोटच्या पोटात भुंगा कोंडल्यासारखा घुर्र आवाज आला, आणि तो डाव्या बाजूने आला. पाठोपाठ उजवीकडे बारीकसं किर्र झालं. कान कसले, सोनं होतं.

"हा डावीकडून जास्त हालते," त्या म्हणाल्या. "उजवीकडं उगा थोडंसं."

"आई!" गौतमी उडालीच. "डावीकडे जड मोटर असते, उजवीकडे हलकी! खेळणाऱ्यांना पण पटकन सांगता येत नाही हे!" आणि ती भराभरा लिहायला लागली.

झालं. कलावतीबाई चढल्या. दुसरा रिमोट पांढरा, गुबगुबीत, तळहात भरून टाकणारा. त्याचा आवाज ऐकून त्यांनी सांगितलं, "हा खालच्या सुरातला हाये. दांडगा, पण कुरकुर नाई त्याची." गौतमीने तेही शब्दनशब्द उतरवलं. पवन म्हणाला, "आईला पण नोकरी देतात का बघ."

तिसरा रिमोट सगळ्यात नवा, सगळ्यात महाग आणि उचलला तर हातात आहे की नाही असा हलका. गाडी आपटली. कलावतीबाईंनी कान टवकारले. काही नाही. पुन्हा आपटली, बंपर निखळून पडला, तरी काही नाही. आता आली का पंचाईत! त्यांनी झटकन विचार केला. महागाची वस्तू आहे, मोठ्या घरच्या माणसासारखी हळू बोलत असेल.

"हाच सगळ्यात चांगला वं," त्या डोकं हलवत म्हणाल्या. "काय नाजूक थरथरते! हाताले गुदगुल्या केल्यावानी."

गौतमीचा पेन थांबला. मग ती पलंगावर आडवी होऊन हसायला लागली. "आई, याच्यात मोटरच नाहीये! हा थरथरतच नाही! नुसता तिरपा केला की गाडी वळते!"

पवनला तर ठसका लागला. "आई, तू शोरूममध्ये बस. सगळा माल खपवशील."

"चेष्टा करता काय माही?" कलावतीबाई पण हसल्या, जरा जास्तच. पण गौतमीचं हसू आधी थांबलं. ती उठून बसली.

"मग पहिल्याचं डावं-उजवं बरोब्बर कसं सांगितलंस?"

"सांगतलं असंच. अंदाजानं."

गौतमीने आईला टीव्हीकडे पाठ करून बसवलं. तिने पांढरा रिमोट पुन्हा आईच्या हातात ठेवला, मागे जाऊन उभी राहिली आणि आपले दोन्ही तळवे आईच्या कानांवर घट्ट दाबले. पवनला तिने मानेने खुणावलं, मशीन चालू कर. कलावतीबाईंना आता फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. त्या वाट बघत राहिल्या. बराच वेळ झाला. पवन असा का बघतोय त्यांना समजेना.

"सुरू कर ना रे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी खाली बघितलं. रिमोट त्यांच्या हातात थडथडत होता, बोटंसुद्धा त्याच्याबरोबर हलत होती, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. त्या घाबरल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा खऱ्या घाबरल्या.

गौतमीने कानांवरचे हात काढले. "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगतलं ना पवनले! बधीर झालं म्हणून!"

पवनचा चेहरा उतरला. "बधिर मतलब... बहरी ना?"

खोलीत करपल्याचा वास यायला लागला होता, पण भाजीसाठी कोणी उठलं नाही.

"म्हणजे तू मले कानाच्या डॉक्टरकडं नेलतं?" कलावतीबाई म्हणाल्या. "तरी म्हणलं, हातासाठी डोक्यावर भोंगे कायले लावून राह्यले!"

गौतमी हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. "मी नाही जात मुंबईला," ती म्हणाली.

"पाह्य! म्हणून सांगतलं नाई म्या!" कलावतीबाई कडाडल्या. "तुले जा लागते. मायच्या बोटांपायी घरी बसशीन तर तोंड नको दाखवू मले."

गौतमीने ओढणीने डोळे पुसले. "ठीक आहे, जाते. पण उद्या सकाळी हाताच्या डॉक्टरकडे, आणि तिथे मी बोलणार. आणि आजपासून तू मला खरं सांगायचं. एकदा जरी खोटं बोललीस तर मुंबई कॅन्सल."

"बरं."

"डोळे मीट."

कलावतीबाईंनी मुकाट्याने डोळे मिटले. गौतमी म्हणाली, "करंगळी दाबलीय. कळतं?"

"नाई."

"तिच्या शेजारचं?"

"नाई." खरं बोलणं इतकं जड जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पोरीचा आवाज कापत होता. सारखं नाही म्हटलं तर ती कसली गाडीत बसतेय? एखादं तरी हो पाहिजे.

"आणि हे मधलं?"

"हे कळलं," त्या ठासून म्हणाल्या. "चांगलं कळलं."



"आई," गौतमी म्हणाली, "मधल्याला मी अजून हात लावलाच नाहीये."

कलावतीबाईंनी डोळे काही उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं तरी त्या तशाच बसून राहिल्या आणि मधलं बोट त्यांनी पुढे केलं.

"मग लाव ना वं," त्या म्हणाल्या. "आता खरं सांगते."