मागचा समुद्र

शिंपला जेमतेम नखाएवढा, जाड पांढऱ्या कागदाचा, कडेला शिसपेन्सिलीने बारीक रेघा ओढलेला, आणि त्याचा एक कोपरा उचलला गेला होता, एवढंच. एरवी तिने गोंदाचं बोट फिरवून तो दाबून टाकला असता. असे कितीतरी कोपरे रोज तिच्या हाताखालून जातात, पोटच त्यावर भरतं. पण या कोपऱ्याखाली काय आहे ते तिला माहीत होतं, आणि म्हणून सकाळपासून ती टेबलाशी नुसती बसून होती, चहावर साय धरली तरी. खाली फोटोतल्या नवऱ्याचा हात होता. हातावर चिकटपट्टी, पट्टीखाली सुई. ती सुई पोरीला दिसायला नको म्हणून तिने शिंपला केला होता… पाच वर्षं झाली. पाच वर्षं तो नीट चिकटून होता आणि आजच, आजच बरा त्याला उठावंसं वाटलं.

लोकांचे फोटो सजवून अल्बम करून द्यायचा तिचा व्यवसाय. पहिल्या वाढदिवसापासून निवृत्तीच्या निरोपापर्यंत सगळं तिच्या टेबलावरून जातं. फोटो काय, कुणीही चिकटवतो. खरी करामत मागच्या कागदाची. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद आजोबांच्या मागे, खोक्याचा पन्हळी पुठ्ठा नव्या घराच्या मागे, शिंप्याकडचा खुणा केलेला पातळ कागद शिवणकाम करणाऱ्या आत्याच्या मागे. चुरगाळून पुन्हा इस्त्री केलेला खाकी कागद तर कशाच्याही मागे शोभतो. पण गिऱ्हाइकाच्या फोटोला ती गोंद लावत नाही. चार कोपऱ्यांना चार कागदी खिसे, त्यात फोटो अडकवायचा, उद्या हवा तर काढता यावा. आणि कात्री तर नाहीच. "मूळ फोटो कापायचा नाही हं, आधी प्रत काढून आणा," असं ती येणाऱ्या प्रत्येकाला बजावते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःच्या घरातला एकुलता एक फोटो — ज्या फोनवर काढला तो केव्हाच बिघडून भंगारात गेलेला — तिने नखांच्या कात्रीने, श्वास रोखून, त्याच्या केसांच्या कडेकडेने कापला होता आणि मागून भरपूर गोंद थापला होता. पुन्हा कधी निघूच नये म्हणून.

आणि मागे समुद्र. ओल्या निळ्या रंगावर मीठ भुरभुरायचं. मीठ रंग पितं, वाळल्यावर झाडून टाकलं की फेसासारखे पांढरे डाग उरतात. वाळूसाठी सुताराकडचा पॉलिश पेपर. बोट फिरवलं तर खरखरीत लागतो, पोरीला तो भारी आवडायचा. तिने स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यानेही नाही. रेल्वेने रात्रभर जावं लागतं, आणि जाऊ-जाऊ म्हणता ते राहूनच गेलं. त्याच्या हातून राहिलेलं आपण कागदावर करून द्यावं, यात काय वाईट होतं? तेव्हा काहीच वाईट वाटलं नव्हतं. अडीच वर्षांच्या पोरीला बाबा दाखवायचा, तर तो दवाखान्याच्या गॅलरीत कशाला दाखवायचा…

ती पोर, बिट्टी, आता साडेसात वर्षांची आहे. काल शाळेच्या फाटकाशी तिच्या बाईंनी थांबवलं होतं.

"किती बारकाईने सांगते हो तुमची मुलगी! वडिलांनी खांद्यावर घेतलं, वाळू गरम होती, मग लाट आली आणि ती घाबरून रडली. सगळा वर्ग गप्प बसून ऐकत होता. समुद्रावर कधी गेला होतात?"

"लहान होती ती," असं काहीतरी पुटपुटून तिने पोरीचा हात ओढला होता, आणि घरी येईपर्यंत तो सोडला नव्हता. पण ती भीती निराळी होती: पोर खोटं बोलतेय, कधीतरी उघडं पडेल, लोक हसतील, अशी साधी, घरगुती भीती. आजची तशी नाही. आज पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या तिने ती दुपार मुद्दाम आठवून पाहिली. खात्री करायला, जसं कुलूप लावल्यावर आपण पुन्हा एकदा ओढून पाहतो. तो गॅलरीत उभा. निळा शर्ट, घरून इस्त्री करून आणलेला. सासूबाई सलाइनचा स्टँड चौकटीबाहेर धरून उभ्या. खांद्यावर पोर. तो हसतोय, आणि त्याचे केस वाऱ्याने उडताहेत.

वारा कुठून आला?

गॅलरीला काचा होत्या. बंद काचा. सगळ्या मजल्यावर औषधाचा वास कोंडलेला असायचा. उघडा म्हटलं की परिचारिका अंगावर यायची. वारा नव्हता. तिने डोळे मिटून केस खाली बसवले, अक्षरशः हाताने बसवावेत तसे, आणि ते पुन्हा उडाले. म्हणूनच ती सकाळपासून तो अल्बम पुढ्यात घेऊन बसली होती.

कारण त्या दुपारचं दुसरं काही राहिलंच नव्हतं. ते घर सोडलं, शर्ट कुणाला तरी दिला, फोटोचा मागचा भाग कात्रीने बारीक होऊन केराच्या टोपलीत गेला. राहिलं होतं फक्त डोक्यात होतं ते. आणि त्याचं वाक्य. फोन धरून ती फोटो काढत होती तेव्हा तो म्हणाला होता, "मागे सरक जरा, आपली गच्ची येऊ दे." गॅलरीच्या काचेतून लांबवर त्यांच्या घराची गच्ची दिसायची, दोरीवरचे कपडे ओळखू यायचे, आणि तो दिवसदिवस तिकडे बघत बसायचा. ती दोन पावलं मागे सरकली होती. गच्ची आली होती. नंतर महिनाभरात तो गेला… आणि तिने ती गच्ची कापून टाकली. त्याने एक गोष्ट मागितली होती, मागे काय असावं ते, आणि मागे काय असावं हे ठरवणं हाच माझा व्यवसाय, आणि मी तीच कापली. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला.

निदान सुई तरी खरी होती. तिने नख घातलं. कोपरा अलगद उठला, मग जरा अडला, तिने आणखी थोडं ओढलं, हे काम तिच्याइतकं कुणाला जमतं! — आणि शिंपला निघाला. सोबत फोटोचा वरचा पापुद्राही. हात, पट्टी, सुई, सगळं शिंपल्याच्या पाठीला चिकटून उलटं, गोंदाने पिवळं पडून गिचमिड झालेलं. आणि त्याच्या मनगटाच्या जागी नुसता पांढरा कागद. बाकीचा फोटो सोडवून बघायचं धाडस आता तिला नव्हतं. तिने घाईघाईने शिंपला होता तिथे पुन्हा दाबून बसवला आणि चोरासारखं दाराकडे पाहिलं.

दारात कुणी नव्हतं, पण यायचं होतं. सासूबाई आज दुपारी यायच्या होत्या. एरवी त्या थोरल्या दिरांकडे असतात, महिन्याकाठी इकडे एक चक्कर. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसायला लागली होती आणि त्यामुळे सगळ्या घरादाराच्या नाकी नऊ आले होते. अल्बम त्यांनी पूर्वी हाताळला होता, पण धुक्यातून. पानांवर हात फिरवून "छान केलंस" म्हणाल्या होत्या. आज म्हणाल्या तर काय म्हणतील? स्टँड त्यांनी धरला होता. पोरीदेखत, "अगं, हा तर दवाखान्यातला," एवढं एक वाक्य पुरे. आणि गंमत अशी, गंमत कसली, की त्यांनी ते म्हणू नये यासाठी ती जितकी घाबरली होती, तितकीच त्यांनी ते म्हणावं म्हणून आतुर झाली होती. कुणीतरी दुसऱ्याने ती गॅलरी पाहिली होती, एवढं तरी कानांनी ऐकायला मिळेल.

सासूबाई आल्या. पिशवी ठेवायच्या आत कोपऱ्यातलं जळमट त्यांना दिसलं. शाळेतून आलेल्या बिट्टीने आजीला हाताला धरून बसवलं आणि अल्बम मांडीवर आणून आपटला. चोराच्या मनात चांदणं. ती स्वयंपाकघराच्या दारात फडकं पिळत उभी राहिली, कोरडंच फडकं.

पानं उलटत होती. मग उलटायची थांबली.

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पान डोळ्यांपाशी नेलं. रस्त्यावर कुणाची तरी गाडी चालू होता होत नव्हती, तेवढाच आवाज.

"आजी, बघ, वारा बघ किती," बिट्टी म्हणाली.

"हो बाई," सासूबाई म्हणाल्या. "वारा काय सुटला होता त्या दिवशी! तुझी टोपी उडाली, तुझा बाबा मागे पळाला."

हातातलं फडकं खाली पडलं. टोपी? कुठली टोपी?

चहाच्या वेळी त्या आत आल्या तेव्हा तिने पातेल्याकडे पाहतच विचारलं, आवाज दबका ठेवून, उसनं अवसान आणून, "आई, तो फोटो… गॅलरीतला ना? तुम्ही स्टँड धरला होता."

सासूबाईंनी कपबशा पुसून ओळीने मांडल्या. घाई नाही.

"कुठली गॅलरी?"

"आई, असं काय करता—"

"मला नको ती गॅलरी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "डोळे मिटले की तीच दिसायची. तो दिसायचाच नाही, काचा दिसायच्या. आता कुठे बरं चाललंय. तू समुद्र दिलास ना? मग आता परत मागू नकोस."

"पण खरं काय होतं ते कुणालातरी—"

"तू आहेस की," सासूबाई म्हणाल्या आणि चहा घेऊन बाहेर गेल्या.

मी आहे की. ती ओट्याला धरून उभी राहिली. म्हणजे आता मी एकटीच. एकटीच्या भरवशावर ती सबंध दुपार: काचा, औषधाचा वास, लांबवरची दोरी, दोरीवरचे कपडे. कुठले कपडे होते? पांढरी चादर होती एक. चादर होती ना? वाऱ्याने फुगलेली, शिडासारखी… नाही, शीड नाही, शीड कुठून आलं, मी आयुष्यात शीड पाहिलेलं नाही. तिने नळ सोडला आणि पाण्याचा आवाज ऐकून लगेच बंद केला.

सासूबाई संध्याकाळी गेल्या. जाताना नेहमीसारखा तिच्या पाठीवर हात ठेवला, फक्त या वेळी जरा जास्त वेळ. दार लागलं, आणि तिने ठरवलं. आजच. उशीर झाला तर सांगण्यासारखं काही हाताशीच राहायचं नाही. बिट्टी टेबलाशी बसून पॉलिश पेपरवर बोट घासत होती. ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"बिट्टी, एक सांगू? रागवायचं नाही. हा समुद्र आहे ना… हा कागदाचा आहे. मी केलाय. मीठ टाकून."

पोरीने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं, मोठी माणसं लहानांकडे बघतात तसं, लाडाने.

"माहितीये मला, आई. मी काय बाळ आहे? हा कागदाचाच आहे." मग हात दोन्हीकडे ताणून म्हणाली, "खरा केवढा मोठ्ठा होता!"

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"आपण समुद्रावर गेलो नव्हतो, राणी. बाबा आजारी होता. आपण वर, काचेच्या—"

"तू चपला हातात घेऊन उभी होतीस," बिट्टी म्हणाली. तिचं बोट पुन्हा वाळूवर फिरू लागलं होतं. "मी बाबाच्या खांद्यावर, आणि तू लांब. आणि बाबा तुला ओरडून काहीतरी म्हणाला. काय म्हणाला गं?"

काय म्हणाला. हे माझ्याकडे आहे. हे तरी आहे. याला मी कात्री लावलेली नाही. तिने तोंड उघडलं आणि त्याचा आवाज आला, इतक्या वर्षांत कधी आला नव्हता इतका स्वच्छ, जरासा खाकरलेला, हसण्याने फुटणारा, अगदी त्याचाच. "मागे सरक जरा—"

आणि तो थांबला नाही. पुढचंही तोच म्हणाला, त्याच आवाजात, त्याच हसण्यात: "मागे सरक जरा, पाणी येतंय."

नाही. गच्ची. गच्ची म्हणाला होता. तिने ते वाक्य मनात म्हणून पाहिलं, आपली गच्ची येऊ दे, पण ते तिच्याच आवाजात आलं, धड्यातल्यासारखं, पाठ केलेलं. त्याच्या आवाजात दुसरंच होतं.

"सांग ना आई, काय म्हणाला?"

खोलीत दिवा लावलेला नव्हता. टेबलाखाली काळोख साचला होता आणि फरशी गार होती. गार, आणि कडेकडेने आणखी गार होत चाललेली. तिला खाली बघायचं नव्हतं. पोरीच्या चेहऱ्यावरची नजर न काढता तिने हळूच दोन्ही पाय उचलले आणि खुर्चीवर, अंगाशी घेतले.