आवळीच्या बुडाशी ओतलेलं पाणी

“हळू वं बाई, मूळ कवळं हाय त्याचं!”

मातीत ठेवली गेले तेव्हा ऐकलेला हा पहिला आवाज. रुखमाबाई स्वतःलाच बजावत होती.

मित्रांनो, मी एक जुनी आवळी आहे. गोंडपिपरीच्या बाजूच्या एका गावात, तळ्यात मासोळ्या धरणाऱ्या नानाजीच्या वाडीत उभी आहे. रुखमाबाई त्याची बायको. तिनं दहा पावलांवर माझी बहीणही लावली. आम्हाला बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं, उन्हाळ्यात बुडाशी भाताचं तणस पसरलं. सातव्या वर्षी आम्ही दोघी लगडलो.

“पोरीवानी सजवलीस वं आवळ्या! नवरदेव पाह्यलीस का?” शेजारणी म्हणायच्या. रुखमाबाई लाजायची, जणू खरंच आमची माय.

एक गोष्ट मात्र तिला ठाऊक नव्हती. आमच्यात एकटीला फळ धरत नाही. दुसरीचा पराग यावा लागतो. अन् चहूकडे धानाच्या बांध्या, रान कोसभर दूर; आम्हा दोघींशिवाय जवळपास तिसरी आवळी नाही.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात मुलाचं, लटारूचं, लग्न निघालं. नानाजीनं खारवलेल्या मासोळ्यांची तीन मडकी रिकामी केली. मासोळीच्या खतानं झाड जोमानं वाढतं, एवढं त्याला माहीत. मिठाचं भान राहिलं नाही. तळाचं सगळं पाणी त्यानं बहिणीच्या बुडाशी ओतलं. मायेनंच ओतलं. मातीतून तो खार हळूहळू माझ्याकडे सरकत होता. माझी मुळं आखडली. बहिणीची करपली.

त्याच आठवड्यात नवरी गिरजा घरात आली. तिचं पहिलं काम, आवळ्यांना पाणी घालणं. पाचव्या दिवशी बहिणीच्या फांद्या उघड्या पडल्या.

“कसा हात हाय वं तुहा? लागला नाई तं झाड मेलं!” रुखमाबाई कडाडली.

ओट्यावर नानाजी जाळं विणत होता. सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली.

पुढच्या फागुनात मी फुलले, पण एकटीच; फळले नाही. त्यापुढच्या सालीही नाही. गिरजाची कूसही रिकामीच. रुखमाबाईनं दोन्हींची गाठ घातली.

“यंदा आवळी नवमीले फळ नाई दिसलं, तं झाड तोडीन अन् इले माहेरी पोचवून देईन. मंग येजो नोको म्हनीन.”

गिरजा माझ्या खोडाला टेकून पुटपुटायची, “दे वं माय एक तरी. कानातल्या डुलाएवढा दे. दात आंबले तरी हासत खाईन.”

मी काय देणार? फुलं गळत राहिली. पावसाळा आला, सरला. बहिणीच्या वाळक्या खोडावर कावळे येऊन बसत आणि ओरडत नसत.

नवमीच्या सकाळी दगडावर कुऱ्हाड घासल्याचा आवाज आला. आमच्याकडे न फळणाऱ्या झाडाला धाक घालतात. एकानं कुऱ्हाड उगारून विचारायचं, दुसऱ्यानं झाडासाठी गयावया करायची. असं तीनदा. पण यंदा तिसऱ्या खेपेनंतर घाव खराच पडणार होता. दारात गिरजाचं गाठोडं तयार होतं. लटारू बैलांची बंडी जुंपून खाली पाहत उभा होता.

मित्रांनो, झाड लावाल तेव्हा त्याच्या बुडाशी काय ओतता ते पाहा. अन् चुकलंच, तर त्याच दिवशी बोला. उशीर झाला की ती चूक दुसऱ्याच कुणाला जाळत जाते.

“फळतं का तोडू?” नानाजीनं विचारलं.

“नोको तोडू मामाजी, येत्या साली फळन,” गिरजा म्हणाली.

“फळतं का तोडू?”

“नोको जी... फळन.” तिनं माझं खोड घट्ट धरलं.

तिसऱ्यांदा कुऱ्हाड वर गेली. माझ्या पानापानातून शहारा गेला. पण प्रश्न आलाच नाही.

“विचारा ना जी! थांबले काऊन?” रुखमाबाई म्हणाली.

नानाजीनं कुऱ्हाड खाली टाकली.

“रुखमे, पोरीचा हात चांगला हाय. त्या आवळीले मी मारलो. मासोळीचं खारं पानी मीच टाकलो तिच्या बुडाशी. पोरगी रोज बोलनं खाये अन् मी आयकत बसो. तीन वर्सं झाले, मले सांगाची लाज वाटे.”

लटारूनं बंडीचे बैल सोडले अन् गिरजाचं गाठोडं आत नेलं.